विझल्याची नोंद

सोमवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडेही तसंच असावं, असं सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, पण सर्व ठीक नाही. घाबरू नकोस. अप्पा बरे आहेत. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढचं वाच.

शनिवारी दुपारी अप्पांच्या मागच्या कुंपणापाशी आग लागली. घराला काही झालं नाही. अप्पा बादली घेऊन धावले, छातीत धूर गेला, म्हणून दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आज सकाळी घरी आणलं. खोकला आहे, पण आवाज खणखणीत आहे. निघताना त्यांनी नर्सला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाकडी लावलीय म्हणून सुनावलं. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला दवाखान्यात ठेवणं म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसवण्यासारखं आहे.

नुकसान झालं ते शेजारच्या रोपवाल्या बाईंचं. त्यांचा हिरव्या जाळीचा मांडव आणि त्याखालची सगळी कलमं गेली. कुंड्या बाहेर ओढताना त्यांचे दोन्ही तळहात भाजले. अकरा वर्षांची मेहनत होती. मी गेलो तेव्हा त्या पायरीवर पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि मलाच म्हणाल्या, चहा विचारता येत नाही हो, कप धरवत नाही.

आता हे झालं कसं, ते सांगतो. फोन करणार होतो. तीनदा उचलला आणि ठेवला. फोनवर तू वकील होतेस आणि मी आरोपी, मग मुद्द्याचं राहून जातं. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

गुरुवारी अप्पांनी अंगणातला पाला आणि छाटलेल्या फांद्या जाळल्या. परवाना घेऊन. परवाना मीच दिला. तू लोकांना सांगतेस की भाऊ अग्निशमन दलात आहे, आणि लोक मला शिडीवर बघतात. मी खिडकीत बसतो, ताई. बारा वर्षं खिडकीत बसून लोकांना आग लावायची परवानगी देतो. कोणाला पाला जाळायचा असतो, कोणाला तळ्याकाठी चाळीस माणसांची शेकोटी करायची असते, एका गृहस्थांना तर घटस्फोटानंतर सोफा जाळायचा होता. (सोफ्याला परवानगी नाही.) सकाळी छपरावरचा वाऱ्याचा आकडा बघायचा, फाटकावरच्या फळ्यावर हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी लावायची. हिरवी असेल तर परवाना. ढीग कमरेएवढाच, कुंपणापासून दहा पावलं लांब, जवळ पाणी आणि फावडं, आणि मोठं माणूस हजर. पेटवण्याआधी आम्हाला फोन. विझल्यावर पुन्हा फोन.

हा दुसरा फोन महत्त्वाचा. ‘विझली’ म्हणायचं, मग मी वेळ टाकून वहीत नोंद करतो. आणि विझली म्हणजे डोळ्यांना दिसत नाही ती नव्हे. राखेत उलटा हात ठेवून वीसपर्यंत मोजता आलं पाहिजे. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत फोन आला नाही, किंवा विझली नाही असा आला, तर आमच्यापैकी एकाने जाऊन बघायचं. असा नियम आहे.

अंगणात तो जुना बुंधा आहे ना, ज्यावरून पडून तुझा दात तुटला होता, त्याच्या मुळात विस्तव शिरला. मूळ आतल्या आत दोन दिवस धुमसलं आणि शनिवारी वारा सुटल्यावर कुंपणापलीकडे, बाईंच्या जाळीखाली वर आलं.

दुसऱ्या फोनचं काय, असं तू विचारशीलच. वहीत गुरुवारी ४-४५ ला ‘विझली’ अशी नोंद आहे. ती मी केली. अप्पा दर वर्षी तो फोन विसरतात आणि मीच नोंद करून टाकतो, हे तुलाही ठाऊक आहे, आपण त्यावर हसलोही आहोत. साहेबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, सवयीची चूक आहे, लेखी समज मिळेल. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

बाकी विशेष नाही. गुरुवारी आमच्या भांडारवाल्यांचा निरोपसमारंभ छान झाला. भाषण मी केलं, लोक खूप हसले.

एक सहज विचारतो. गुरुवारी सहाला तुझा नेहमीचा फोन झाला असेल. अप्पा काय म्हणाले? विशेष काही बोलले का? सहज विचारतोय.

तुझा,
धाकटा


सोमवार, १८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यातली साडेतीन अप्पांना हलवण्याबद्दल. बरोबरच आहे तुझं. तुमच्या घराजवळ ते वृद्धांसाठीचं ठिकाण आहे, खोलीला खिडकी आहे, डॉक्टर खालीच असतात, पहिल्या एप्रिलपासून जागा आहे. गेल्या वर्षी तू हेच म्हणालीस तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो. अप्पांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, असं म्हणालो होतो. आता मी काय बोलणार? एकतीसला गाडी घेऊन येतेस तर ये. माझी हरकत नाही.

माझ्या सहज प्रश्नालाही तू उत्तर दिलंस. त्या दिवशी अप्पा नीट बोललेच नाहीत, दोन मिनिटांत “ठेव आता, कोणीतरी यायचंय” म्हणाले. संध्याकाळी सहाला त्या टेकाडावर त्यांच्याकडे कोण येणार, म्हणजे त्यांना आता भासही व्हायला लागले, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य वाचून पत्र घडी घालून ठेवलं. मग पुन्हा उघडून वाचलं.

अप्पांचं सांगतो. खोकला गेला. पण माणूस बदलला आहे. तुला आठवतं, ते दुधाच्या भांड्यावरसुद्धा वेळेची चिठ्ठी लावायचे, आणि आई म्हणायची की हा माणूस एक दिवस माझ्या कपाळावर चिकटवेल. आता सगळ्या घरावर चिठ्ठ्या आहेत. शेगडीवर ‘बंद केली का?’ नळावर ‘बंद केला का?’ दारावर ‘किल्ली?’ काल मी गेलो तर ते शेगडीसमोर उभे होते. बटणाला हात लावायचा, मागे सरायचं, पुन्हा लावायचा. मी आलो हे त्यांना चार वेळा हात लावून होईपर्यंत कळलं नाही. मला बघून इतके ओशाळले की मीच पाणी पिण्याच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत गेलो.

रोपवाल्या बाई त्यांना भेटायला आल्या होत्या. माणूस चांगला असणं हीसुद्धा कधीकधी शिक्षाच असते. त्या म्हणाल्या, काका, मनाला लावून घेऊ नका, वय झालं की विसरायला होतंच, माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. अप्पा खाली मान घालून ऐकत होते. बाईंच्या हातांच्या पट्ट्या सोडून अप्पांनी स्वतः मलम लावलं, नव्या पट्ट्या बांधल्या. त्या वेळी मात्र हात जराही चुकला नाही.

त्या गेल्यावर अप्पांनी मला समोर बसवलं. म्हणाले, “खरं सांग. मी फोन केला नव्हता ना?”

मी म्हणालो, “नाही, अप्पा.”

“मला वाटतंय की केला. तुझा आवाजसुद्धा आठवतोय.”

“मागच्या वर्षीचा असेल.”

ते म्हणाले की असेल, तसंच असेल, ताईला सांग मी येतो म्हणून. आणि उठून कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवायला लागले. एकतीसला अजून दोन आठवडे आहेत.

शुक्रवारी चौकशी आहे. बाहेरून अधिकारी येणार आहेत. माझं जेवण कमी झालंय म्हणून घरी बोलणी खातो. ही म्हणते, समज मिळणार आहे ना, फाशी नाही ना, मग ताटात बोटं काय फिरवतोस? तिला काय सांगू?

आज इतकंच. हातून आणखी काही लिहिलं जाण्याआधी पाकीट बंद करतो.

तुझा,
धाकटा


सोमवार, २५ मार्च

ताई,

आज नमस्कार वगैरे नंतर. गाडी ठरवली असशील तर रद्द कर. निदान हे पत्र संपेपर्यंत थांब.

अप्पांनी फोन केला होता.

गुरुवारी, ७ मार्चला, ४ वाजून ४० मिनिटांनी. मी खिडकीत होतो. डोळ्यांसमोर भांडारवाल्यांच्या निरोपाचं भाषण होतं, शेवटचा विनोद जमत नव्हता. पाचला कार्यक्रम होता. त्या दिवशी अप्पांचे आधीच दोन फोन झाले होते, एक पेटवण्याआधीचा आणि एक फांद्या ओल्या आहेत म्हणून. तिसरा वाजला तेव्हा मी कपाळाला हात लावूनच उचलला.

ते म्हणाले, “विझली नाही रे अजून. वरून गार आहे, पण बुंध्याजवळ वीस होत नाहीत. बाराला हात काढावा लागतो.”

मी म्हणालो, “दोन घमेली माती टाका, अप्पा. मी येतो.”

मी येतो म्हणालो, ताई. जाऊन बघणं हा नियम होता, आणि नियम नसता तरी तो माझा बाप होता. गाडी दुरुस्तीला गेली होती, चालत अर्धा तास. फोन ठेवला, घड्याळात बघितलं, आणि वहीत लिहिलं, ‘विझली, ४-४५’. अप्पा उगाच बाऊ करतात असं मनात म्हणालो. मग भाषण केलं. लोक हसले, आणखी एक किस्सा सांग म्हणाले, मी सांगितला. घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आठवण झाली ती दुपारी, आणि तेव्हा वाटलं, काही झालं असतं तर एव्हाना कळलंच असतं.

यातही मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

शनिवारी अप्पांना दवाखान्यात पोचवून मी त्यांचे कपडे आणायला घरी गेलो. टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, परवाना होता. मी दिलेला, माझी सही असलेला. त्याच्या मागे अप्पांचं ते औषधाच्या चिठ्ठीवरचं बारीक अक्षर. मला पाठ आहे, तुला जसंच्या तसं देतो.

४-४०. फोन केला. बुंधा गरम, बारा. येतो म्हणाला.
६-१०. आला नाही.
७-००. आला नाही. चार बादल्या टाकल्या. आता सोळा.
७-३०. वीस. झोपतो.

शुक्रवारचं काही लिहिलेलं नव्हतं. वीस झाले म्हणजे नियमाप्रमाणे त्यांचं काम संपलं होतं. मूळ किती खोल गेलंय हे बघायला पहार घेऊन खणावं लागतं, ते आमचं काम, त्यांचं नव्हे. ‘आला नाही’ दोनदा लिहिलंय, पण पुढे ना उद्गारचिन्ह, ना तक्रार. रोग्याने डोस घेतला नाही तर लिहायचे तसं.

मी तो कागद खिशात घातला. दवाखान्यात अप्पा गुंगीत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारलं की मी फोन केला होता ना? आणि खोलीत साहेब उभे होते. मी म्हणालो, नाही अप्पा, तुम्ही विसरलात, दर वर्षीसारखं. एवढं सोपं होतं ते. साहेबांनी मान हलवली. अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं की ते मला खोटं ठरवतील. त्यांनी स्वतःला ठरवलं.

कागद चार दिवस खिशात होता. बुधवारी घरी कोणी नसताना मोरीत जाळला. बारा वर्षांत विनापरवाना लावलेली माझी एकमेव आग. आणि सांगितलं तर हसशील, राख वाहून घालवण्याआधी मी तिच्यावर उलटा हात ठेवला. सवय. वीस मोजले.

माझं मागचं पत्र त्यानंतरचं आहे. म्हणजे मी तुला ‘माझी हरकत नाही’ लिहिलं ते पुरावा नाहीसा करून. अप्पा कपडे पलंगावर काढून ठेवतायत हेही मी तुला बातमीसारखं कळवलं. तू माझं पत्र ठेवलं असशील तर फाडू नकोस. मी काय करू शकतो ते कुठेतरी लिहिलेलं राहू दे.

शुक्रवारी चौकशीच्या टेबलाशी बसलो, आणि अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, वडिलांचं वय किती? त्यांनी लिहिलंसुद्धा. पुढे ‘विस्मरण’ असा शब्द लिहायला लागले. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, फोन, नोंद, भाषण, कागद, मोरी. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. मग मायेने म्हणाले, “वडिलांवर ठपका येऊ नये म्हणून मुलगा असं बोलणारच. मीही बोललो असतो. पण कागद कुठे आहे?”

कागद नाही. आमच्या जुन्या फोनवर कोणी काय बोललं ते राहत नाही. माझं म्हणणं ‘वडिलांच्या प्रेमापोटी केलेलं विधान’ म्हणून जोडलंय. साहेब जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, मोठ्या मनाचा आहेस.

शनिवारी अप्पांना सांगितलं. समोर बसून, एकेक वेळ सांगत. ते ऐकत होते आणि माझ्याकडे असे बघत होते की आता उठून थोबाडीत मारतील असं वाटलं. मारायला हवी होती. ते म्हणाले, “तू लहानपणीसुद्धा असाच. ताईने बरणी फोडली की मी फोडली म्हणायचास.” आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, माझ्यासाठी नोकरी घालवू नकोस, माझं काय राहिलंय आता, मी जातो ताईकडे. मी कागदावर काय लिहिलं होतं ते म्हणून दाखवलं. त्यांनी कौतुकाने मान डोलावली. म्हणाले, माझ्यासारखंच लिहिलंयस, हुबेहूब.

ताई, मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांना पटलं. खरं बोलतोय तर माझा बाप मला शाबासकी देतोय. ते शेगडीला अजून चार वेळा हात लावतात. एकतीसला तू आलीस की ते निमूट गाडीत बसतील आणि वाट्टेल त्या फॉर्मवर सही करतील, कारण स्वतःच्या डोक्यावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही, आणि तो मी काढून घेतलाय. त्यांना कुठे राहायचंय ते त्यांनी ठरवावं. तुझ्याकडे यायचं तर येऊ देत. पण आपलं डोकं फिरलं असं समजून नको.

आता तुला मी पत्र का लिहितोय ते ऐक. फोनवर बोललेलं नंतर नाकारता येतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. हे सहीसकट आहे. हे तू ठेव, लागलं तर अधिकाऱ्यांना पाठव, आणि रोपवाल्या बाईंना मी आज संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यांना पटलं नाही तर रोज जाईन. त्यांचा मांडव उभा करायला मला हात आहेत, त्यांचे बरे होईपर्यंत तरी.

पण अप्पांना पटवणं माझ्या हातात नाही. ते तुझ्या हातात आहे. माझ्याकडचा कागद मी जाळला, पण एक साक्ष तुझ्याकडे राहिली, आणि तू ती मला लिहूनही पाठवलीस. गुरुवारी सहाला ते तुला म्हणाले, “ठेव आता, कोणीतरी यायचंय.” तुला तो भास वाटला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर तू म्हणाली असतीस, तो कसला येतोय, आणि आपल्या दोघांचं पुन्हा वाजलं असतं. दहा मिनिटांनी त्यांनी कागदावर ‘आला नाही’ लिहिलं.

त्यांना फोन कर. पत्र वाचून झाल्याबरोबर कर. इकडचं तिकडचं काही बोलू नकोस. एवढंच सांग की अप्पा, त्या दिवशी सहा वाजता तुम्ही कोणाची तरी वाट बघत होता, मला तसं म्हणालात, मी विसरलेले नाही. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसेल. मग कदाचित ते मला थोबाडीत मारतील. मी रोज पाचला तिथेच असतो.

नमस्कार राहिला होता, तो घे.

ज्याची ते वाट बघत होते तो,
धाकटा